माजी विद्यार्थिनींचा वाटा

३ मार्च २०१५ रोजी व्हर्जिनिया राज्यातल्या स्वीट ब्रायर कॉलेजच्या अध्यक्षांनी प्राध्यापकांना आणि विद्यार्थिनींना बोलावून सांगितलं, की येत्या ऑगस्टमध्ये कॉलेज बंद होणार. कारणंही सांगितली. आडगावातलं, निवासी, फक्त मुलींचं कॉलेज आता मुलींना नकोसं झालंय. त्यांना ओढून आणण्यासाठी फीमध्ये सवलती देता देता तिजोरीला भोक पडलंय. साठवलेला निधी आठ कोटी डॉलरच्या वर होता, पण त्यातला बराचसा देणगीदारांनी ठरावीक कामांसाठी बांधून दिलेला, म्हणजे हात न लावता येण्यासारखा. विश्वस्तांचं म्हणणं असं, की रखडत मरण्यापेक्षा सगळ्यांची देणी चुकती करून शिस्तीत दार लावलेलं बरं. युक्तिवाद वेडगळ नव्हता. हिशेबाच्या वहीसमोर बसलेला कुणीही शहाणा माणूस कदाचित तेच म्हणाला असता.

फक्त या निर्णयाआधी एका गटाला कुणी काही विचारलं नव्हतं. १९०६ साली कॉलेज सुरू झाल्यापासून तिथून शिकून बाहेर पडलेल्या बायकांना. मंडळावर काही माजी विद्यार्थिनी होत्या, पण बाकीच्या हजारोंना बातमी कळली ती सगळ्या जगाबरोबर. पैसे कमी पडताहेत, मदत करा, असं एक पत्रही त्याआधी गेलं नव्हतं.

पुढचे साडेतीन महिने या बायकांनी जे केलं ते मला फार विचार करायला लावणारं वाटतं. काही दिवसांत त्यांनी ‘सेव्हिंग स्वीट ब्रायर’ नावाची संस्था उभी केली, वकील नेमले, शहरवार आणि वर्षवार याद्या काढून फोन फिरवले. दोन कोटी डॉलरहून अधिक रकमेची आश्वासनं गोळा झाली. कोर्टाची पायरी चढायची तर पहिला प्रश्न होता, तुम्ही कोण? माजी विद्यार्थिनी म्हणजे कायद्याने कुणीच नव्हे. त्यामुळे मुख्य दावा लावला तो अ‍ॅमहर्स्ट काउंटीच्या सरकारी वकील एलेन बोयर यांनी. आधार घेतला इंडियाना फ्लेचर विल्यम्स या बाईंच्या मृत्युपत्राचा. आपली एकुलती एक मुलगी डेझी सोळाव्या वर्षी गेली, तिच्या स्मरणार्थ आपल्या जमिनीवर मुलींसाठी शाळा कायम चालावी, असं त्या लिहून गेल्या होत्या. हा न्यास आहे, आणि न्यासाची मालमत्ता विश्वस्तांना मर्जीप्रमाणे मोडता येत नाही, हा दाव्याचा गाभा. खालच्या कोर्टाने न्यासाचा कायदा इथे लागूच होत नाही असं मानलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जूनमध्ये ते चूक ठरवलं. मग राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल मार्क हेरिंग मध्यस्थ झाले, आणि २२ जूनला तडजोडीवर न्यायाधीशांची सही झाली. बायकांनी एक कोटी वीस लाख डॉलर द्यायचे, सरकारने बांधील निधीपैकी एक कोटी साठ लाखांवरची बंधनं सैल करायची, अध्यक्षांनी आणि बहुसंख्य विश्वस्तांनी पायउतार व्हायचं. पैसे ठरल्या मुदतीत भरले गेले. त्या उन्हाळ्यात या बायका रजा टाकून कॉलेजात आल्या. कुणी खोल्यांना रंग दिला, कुणी तण उपटलं, कुणी वसतिगृहाच्या खिडक्या पुसल्या. ऑगस्टमध्ये, कॉलेज बंद व्हायचं ठरलं होतं त्याच महिन्यात, वर्ग भरले. मुली उरल्या होत्या अडीचशेच्या आसपास.

ही गोष्ट सांगितली की आपल्याकडे लोक म्हणतात, केवढं प्रेम! मला हे उत्तर पटत नाही. प्रेम आपलंही काही कमी नाही. ज्या वसतिगृहात आपण पाण्याच्या बादलीसाठी रांग लावली, आमटीला नावं ठेवली आणि परीक्षेच्या रात्री चोरून कॉफी केली, त्याची आठवण काढताना आपले डोळेही भरून येतात. पण डोळे भरून आल्याने साडेतीन महिन्यांत न्यास वाचत नाही. त्यासाठी आधीपासून काहीतरी बांधलेलं लागतं: कुठल्या वर्षाची कुठली बाई कुठे राहते ते ठाऊक असलेली कुणी, त्या वर्षाचा पैसा जमा करायची सवय असलेली कुणी, आणि या संस्थेबद्दल बोलायचा आपल्याला अधिकार आहे असं इतक्या वर्षांत मनात मुरलेलं. माझं म्हणणं असं, की हे सगळं बांधायचं काम वरवर अगदी फुटकळ दिसणाऱ्या गोष्टींनी केलं: वार्षिक संमेलनं, मिरवणुका, गाणी, वर्गांचे रंग, पांढरे कपडे.

याचं सगळ्यात नीट दिसणारं उदाहरण मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट होलिओक कॉलेजचं. मेरी लायन यांनी ते ८ नोव्हेंबर १८३७ रोजी सुरू केलं, तेव्हा त्याला कॉलेज म्हणायची पद्धत नव्हती, सेमिनरी म्हणत. त्याआधी हिरव्या मखमलीची थैली घेऊन त्या गावोगाव हिंडल्या होत्या. शेतकऱ्यांच्या बायकांनी टाकलेली चिल्लरही त्यांनी नाकारली नाही. राहणं, जेवण आणि शिक्षण मिळून वर्षाची फी साठ डॉलर. एवढ्या कमी पैशात भागायचं तर नोकर परवडणारे नव्हते, म्हणून स्वयंपाक, भांडी, झाडलोट सगळं मुलींनी वाटून घ्यायचं. यावर टीका खूप झाली, की शिकायला आलेल्या मुलींना मोलकरीण केलं. पण ज्या इमारतीची फरशी आपण पुसली ती परकी वाटत नाही, हा त्यातून झालेला, बहुधा कुणी न योजलेला फायदा. निवासी कॉलेज आणि नुसतं दिवसा जाऊन यायचं कॉलेज यांत हाच फरक आहे. लेक्चर ऐकून घरी जाणारी मुलगी संस्थेची गिऱ्हाईक असू शकते. तिथे राहणारी, तिथल्या नळाशी भांडणारी मुलगी गिऱ्हाईक राहूच शकत नाही.

माउंट होलिओकच्या माजी विद्यार्थिनींची संघटना १८७२ सालची. दर पाच वर्षांनी एकेका तुकडीचं संमेलन. पदवीदानाच्या आदल्या दिवशी लॉरेलची मिरवणूक निघते. पदवी घेणाऱ्या मुली पांढऱ्या कपड्यांत, खांद्यावर लॉरेलच्या पानांची लांबच लांब माळ घेऊन चालतात आणि ती माळ आवारातच असलेल्या मेरी लायनच्या समाधीच्या कठड्याला वाहतात. माजी विद्यार्थिनीही पांढऱ्या कपड्यांत, आपापल्या वर्षाचा फलक घेऊन मिरवणुकीत असतात. फलकांवर स्वतःचीच टिंगल करणारी वाक्यं. प्रत्येक तुकडीला चारपैकी एक रंग आणि एक प्राणी वाटून आलेला असतो, त्यामुळे आजचं लाल वर्ष आणि वीस वर्षांपूर्वीचं लाल वर्ष यांचं नातं आपोआप जुळतं. नोव्हेंबरात संस्थापकदिनी पहाटेच्या थंडीत त्याच समाधीपाशी आइस्क्रीम खायची चाल आहे. का, ते विचारू नये. चालींना कारण असलंच पाहिजे असं नाही.

बाहेरच्याला हे सगळं पोरकट वाटेल. मलाही आधी वाटायचं. पण त्या मिरवणुकीकडे हजेरीपट म्हणून पाहिलं की वेगळंच दिसतं. तुकडीचा फलक उचलायला कुणीतरी यायला हवं, म्हणजे तुकडीची अध्यक्ष हवी. आलेल्यांच्या बातम्या मासिकात छापायच्या, म्हणजे तुकडीची लेखनिक हवी. संमेलनाच्या वर्षी तुकडीतर्फे कॉलेजला देणगी द्यायची, म्हणजे खजिनदार हवी. ही पदं पदवी मिळाल्यावर संपत नाहीत, आयुष्यभर चालतात, आणि त्यांच्या निवडणुका होतात. म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षापासून या बायकांना एका स्वायत्त संघटनेत मतदान करायची, हिशेब मागायची, न पटलेल्याला नाही म्हणायची तालीम मिळत राहते. गाणी आणि आइस्क्रीम हे या तालमीचं आमिष म्हणा हवं तर. लग्न झालं, नाव बदललं, गाव बदललं, तरी १९६२ ची तुकडी ही ओळख बदलत नाही. बाईला नवऱ्याच्या आणि बापाच्या घराबाहेरचं एक कूळ मिळतं, आणि त्या कुळात ती कुणाची तरी कुणी नसते.

तरीही नुसता हजेरीपट पुरत नाही, हे याच कॉलेजाने १९३७ साली दाखवलं. मेरी वूली या ३६ वर्षं अध्यक्ष होत्या. त्यांच्या जागी विश्वस्तांनी रॉझवेल हॅम या पुरुषाची नेमणूक केली. शंभर वर्षांच्या इतिहासात पहिल्यांदाच. माजी विद्यार्थिनी खवळल्या, पत्रं लिहिली, समित्या केल्या. काही उपयोग झाला नाही. मंडळाने ऐकून घेतलं आणि आपलंच खरं केलं. वूली त्यानंतर कधी कॉलेजच्या आवारात पाय ठेवायला गेल्या नाहीत. त्या खुर्चीवर पुन्हा बाई बसायला १९७८ साल उजाडलं. म्हणजे देणगी गोळा करायला, गाणी म्हणायला तुम्ही हव्यात. निर्णय मात्र मंडळाचा. स्वीट ब्रायरच्या बायकांनी आठ दशकांनंतर जे मिळवलं ते याच जागी होतं: तडजोडीत फक्त कॉलेज उघडं राहिलं असं नाही, मंडळ बदललं. पैसा त्यांनी खुर्चीच्या बदल्यात दिला. यात काहींना सौदेबाजी दिसेल. मला त्यात व्यवहारज्ञान दिसतं.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या मुलींच्या शाळा-कॉलेजांत आणि वसतिगृहांत मेळावा म्हटला की तो कसा असतो हे वाचकांना, निदान वाचिकांना, सांगायला नको. गजरे, अत्तर, जमलंच तर हळदीकुंकू. निवृत्त रेक्टरबाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. ‘तेव्हा आमची काय हिंमत होती बाईंसमोर बोलायची’ या थाटाची भाषणं. दोन-चार जणींनी फुगडी घालून बघणं आणि धापा टाकत खाली बसणं. वर्गणी काढून एखादा वॉटर कूलर किंवा पंखे. प्राचार्य शेवटी सांगतात, हे तुमचं माहेर आहे, केव्हाही या. टाळ्या पडतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो जातात, आणि पुढचा मेळावा होईपर्यंत शांतता.

या माहेरपणाबद्दलच माझी तक्रार आहे. माहेर म्हणजे काय असतं, हे आपल्याइतकं कुणाला कळणार? तिथे कौतुक असतं, आवडीची भाजी असते, निघताना ओटी भरली जाते. वाटा नसतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि पुढे केंद्राने २००५ मध्ये कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. त्यानंतरही किती घरांत बहिणी हसतमुखाने हक्कसोडपत्रावर सह्या करतात, ते दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर तासभर बसलं तरी दिसतं. भावाशी संबंध बिघडायला नकोत, माहेर तुटायला नको. संस्थेच्या बाबतीत आपण तेच केलंय, फक्त कागद न करता. माहेर म्हणायचं, प्रेम घ्यायचं, प्रेम द्यायचं, आणि संस्था कुणाच्या हाती आहे, जमिनीचं काय चाललंय, वसतिगृहाच्या जागी काय बांधायचं घाटतंय, हे विचारायचं नाही.

स्त्रीशिक्षणाच्या आपल्या इतिहासात या नात्याची मुळं आहेत, आणि ती तपासली तर वाईटही वाटतं नि कौतुकही. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या, आणि तिथे राहून त्यांनी पुढच्या कामासाठी माणसं जोडली. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. ठिकठिकाणी ‘रमाबाई मंडळं’ निघाली, कॉर्नेल विद्यापीठातल्या मुलींनीही एक काढलं. दर सभासदाने वर्षाला एक डॉलर, असं दहा वर्षं द्यायचं. त्या पैशांवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं. बॉस्टनच्या असोसिएशनची वार्षिक सभा भरत असे, अहवाल छापला जात असे. वर्षाला डॉलर देणाऱ्या अमेरिकन बाईपर्यंत पुण्यातल्या सदनाचा हिशेब पोचत होता. १८९३ साली धर्मांतराच्या प्रश्नावरून पुण्यात वादळ उठलं. इथल्या सल्लागार मंडळातल्या रानडे, भांडारकरांसारख्या मंडळींनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात सल्लागार होते, पालक होते, वर्तमानपत्रं होती, बॉस्टन होतं. सदनात राहिलेल्या मुलींची बाजू म्हणून काही असू शकतं, हे त्या काळी कुणाच्या डोक्यातही येणं कठीण होतं.

पण त्याच सदनातल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या गोदूबाई नातू. १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई, पुढे सगळ्यांच्या बाया कर्वे झाल्या. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली, १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर झोपडी उभी राहिली. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी वर्षानुवर्षं गावोगाव हिंडून निधी गोळा करत राहिल्या. वयाच्या चाळिशीनंतर इंग्रजी नीटसं येत नसताना अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी काम करून राहिल्या. मेरी लायनच्या मखमली थैलीची गोष्ट अमेरिकेत दर वर्षी सांगतात. पार्वतीबाईंची आपण किती वेळा सांगतो?

हिंगण्याला शिकलेल्या काही मुलींनी पुढे तिथेच आयुष्य वाहिलं, आजन्म सेविका झाल्या, संस्थेचा कारभार पाहिला. म्हणजे माजी विद्यार्थिनीला सत्ता मिळतच नव्हती असं म्हणता येणार नाही. मिळत होती, पण सगळं सोडून आलेल्या बाईला. संसार, नोकरी, गाव, पगार सोडून. जी शिकून लग्न करून नागपूरला गेली, शाळेत शिकवू लागली, तीन मुलांची आई झाली, तिच्यासाठी मधली जागा नव्हती. तिने यावं, पाहुणचार घ्यावा. आणि संस्थेच्या पैशासाठी जो सुंदर मार्ग निघाला तो भाऊबीज निधीचा. कार्यकर्ते दिवाळीत घरोघर जातात, शिकणाऱ्या बहिणींसाठी ओवाळणी मागतात. गेली कित्येक दशकं हा निधी जमतोय, हजारो मुली त्यावर शिकल्या, त्याला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. माझ्या आईनेही या निधीचा डबा वर्षानुवर्षं भरला. तरी पाहा, या योजनेतही देणारा भाऊ आहे आणि घेणारी बहीण.

इथे एक बाजूची गोष्ट सांगावीशी वाटते. कर्व्यांना महिला विद्यापीठाची कल्पना सुचली ती जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका हाती आल्यावर, हे आपल्याकडे पुष्कळांना माहीत असतं. ते विद्यापीठ १९०१ साली काढलं जिन्झो नारुसे यांनी. ते आधी काही वर्षं अमेरिकेत शिकून, तिथल्या मुलींच्या कॉलेजांचा कारभार पाहून आले होते. त्यांची पहिली तुकडी बाहेर पडली तेव्हाच, १९०४ मध्ये, माजी विद्यार्थिनींची ‘ओफूकाई’ ही संघटना स्थापन झाली, आणि तिने स्वतःचं नियतकालिक काढलं. म्हणजे विद्यापीठाचं वय तीन वर्षांचं, आणि बाहेर पडलेल्यांचं घर आधीच बांधून तयार. जपानच्या त्या प्रयोगाचा उल्लेख आपण करतो तेव्हा चर्चा होते ती अभ्यासक्रमाची, मातृभाषेतल्या शिक्षणाची, गृहशास्त्राची. ओफूकाईचं नाव त्यात मी तरी कधी ऐकलं नाही.

आज परिस्थिती अशी, की संघटना कागदावर भरपूर आहेत. नॅकची समिती येते, तिच्या मोजपट्टीत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण आहेत, संघटना नोंदणीकृत आहे का असा प्रश्न असतो. मग घाईघाईने नोंदणी होते, प्राचार्यच अध्यक्ष, एक प्राध्यापिका सचिव, आणि ज्यांची संघटना त्यांच्यापैकी पाच-सात जणी सभेच्या फोटोपुरत्या. हा कागद संस्थेच्या खाली असतो, बरोबरीने नसतो. खरी जागा कुठे आहे ते कायदा स्पष्ट सांगतो. आपली बहुतेक शिक्षणमंडळं १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असतात. विश्वस्तांचा कारभार चुकतोय असं धर्मादाय आयुक्तांसमोर म्हणायचं तर तुम्ही त्या न्यासात हितसंबंध असलेली व्यक्ती असायला हवं, आणि नोंदणीकृत संस्थेच्या बाबतीत ती व्यक्ती म्हणजे संस्थेची सभासद. तिथे चार वर्षं राहिलेली, शिकलेली, वॉटर कूलर दिलेली बाई नव्हे. व्हर्जिनियात बायकांना जो ‘तुम्ही कोण’ हा प्रश्न आला, तोच इथेही येणार, आणि त्याचं उत्तर इथे वार्षिक वर्गणी भरून मिळू शकतं. किती मंडळं माजी विद्यार्थिनींना सभासद करून घेतात? माझ्या पाहण्यात फार थोडी. सभासदांची यादी बहुतेक ठिकाणी काही घराण्यांची असते, आणि ती बंद दारासारखी जपली जाते.

विद्यापीठांच्या पातळीवर तर हक्क दिलेलाच आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार अधिसभेवर दहा सदस्य नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून द्यायचे असतात, आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठालाही हा कायदा लागू आहे. नोंदणीकृत म्हणजे अर्ज भरून मतदारयादीत नाव घातलेले. ते आपण घालत नाही. घातलंच तर कुठल्यातरी पॅनेलचा कार्यकर्ता घरी येऊन अर्ज भरून नेतो म्हणून. मेळाव्याला चारशे बायका येतात, त्यांतल्या किती जणींचं नाव त्या यादीत आहे, हे एकदा हात वर करून विचारून पाहावं.

नाव सापडणंच अवघड, हाही एक भाग आहे. कॉलेजच्या दप्तरात ती एका आडनावाने असते, जगात दुसऱ्याने. जुन्या पिढीत तर लग्नात पाळण्यातलं नावही बदललेलं. यमुनेची आनंदी झाली, गोदूची आनंदी झाली. मेळाव्याचं निमंत्रण वडिलांच्या जुन्या पत्त्यावर जातं, आणि वडिलांचं घर पुनर्विकासात पडलेलं असतं. अमेरिकन कॉलेजांच्या यादीत बाईच्या नावाशेजारी तिचं तुकडीचं वर्ष आणि जन्मनाव दोन्ही छापायचा रिवाज आहे; एवढ्या साध्या छपाईच्या सवयीने हजारो बायका हरवायच्या राहिल्या.

आता आक्षेप. तो गंभीर आहे, आणि मी तो झटकून टाकू इच्छित नाही. माजी विद्यार्थिनींच्या हाती दोर दिला की त्या संस्थेला मागे ओढतील. आपल्या वेळी होतं तसंच सगळं राहावं असं म्हातारपणी प्रत्येकाला वाटतं. शिवाय मेळाव्याला येते ती कोण? जिचे दिवस बरे गेले ती. जिला वसतिगृहात जातीवरून वेगळं बसवलं, जिची फी थकली म्हणून नाव फळ्यावर लागलं, जी रेक्टरच्या धाकाने आजारी पडली, ती परत येत नाही, आणि तिचं म्हणणं कुठल्याच ठरावात उतरत नाही. हक्काचा वाटा मागणाऱ्यांनी आधी हे पाहिलं पाहिजे, की वाटेकऱ्यांच्या यादीत कुणाची नावं आहेत.

स्वीट ब्रायरचीच गोष्ट पुढे नेऊ. ज्या मृत्युपत्राने कॉलेज वाचवलं त्यात नुसतं मुली आणि तरुण स्त्रिया असं नव्हतं, गोऱ्या मुली आणि तरुण स्त्रिया असं लिहिलं होतं. ती सगळी जमीन गुलामांच्या श्रमावर उभी राहिलेली; गुलामांची एक झोपडी आणि त्यांची दफनभूमी आजही आवारात आहे. गोरेपणाची अट सोडवून घ्यायला कॉलेजला १९६० च्या दशकात कोर्टात जावं लागलं, आणि पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी आली १९६६ मध्ये. म्हणजे संस्थापकाचा शब्द हा पवित्र म्हणून धरायचा की सोडायचा, हा प्रश्न तिथे जुनाच. २०२४ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. मंडळाने त्याच मृत्युपत्रातल्या ‘मुली आणि तरुण स्त्रिया’ या शब्दांचा अर्थ ते लिहिले गेले त्या काळाप्रमाणे लावायचा असं ठरवून ट्रान्स विद्यार्थिनींना प्रवेशाबाहेर ठेवणारं धोरण आणलं. विद्यार्थिनींच्या संघटनेने विरोध केला, बहुसंख्य प्राध्यापकांनी विरोध केला, माजी विद्यार्थिनींत दोन तट पडले. २०१५ मध्ये ज्या ओळींचा आधार घेऊन दार उघडं ठेवलं, त्याच ओळी नऊ वर्षांनी दार लावायला वापरल्या गेल्या. हिंगण्याचा आश्रमही सुरुवातीला प्रामुख्याने ब्राह्मण विधवांसाठी होता, हे इथे आठवायला हरकत नाही. कुठल्याच संस्थापकाचं पत्र पूर्ण निर्मळ नसतं.

आणि वाटा मिळाला म्हणून संस्था वाचतेच असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या मिल्स कॉलेजात १९९० मध्ये विश्वस्तांनी मुलांना प्रवेश द्यायचं ठरवलं, मुलींनी संप करून कॉलेज बंद पाडलं, माजी विद्यार्थिनींनी पैशाची हमी दिली, आणि दोन आठवड्यांत ठराव मागे घेतला गेला. जगभर कौतुक झालं. तीन दशकांनंतर, २०२२ मध्ये, पैशाअभावी तेच मिल्स नॉर्थईस्टर्न विद्यापीठात विलीन झालं. माजी विद्यार्थिनींची संघटना या वेळीही कोर्टात गेली होती, हरली.

तरीही मी वाट्याच्याच बाजूची आहे, आणि ती कशासाठी ते सांगते. मंडळातले लोक शहाणे असोत वा नसोत, त्यांचं आयुष्य संस्थेत वाढलेलं नसतं. वसतिगृहाच्या जागेवर व्यापारी संकुल बांधलं तर काय जातं, हे तिथे राहिलेल्या बाईला जितकं कळतं तितकं हिशेबनीसाला कळत नाही; आणि हिशेबनीसाला जे कळतं ते तिला शिकता येतं. ती चुकेलही. मागे ओढेलही. ट्रान्स मुलींच्या प्रश्नावर व्हर्जिनियातल्या माजी विद्यार्थिनी आज एकमेकींशी कडाडून भांडताहेत, तर त्या भांडू शकतात याचं कारण त्यांचं मत कुठेतरी लागतं. माहेरात भांडण होत नाही, रुसवा होतो, कारण रुसण्यापलीकडे हातात काही नसतं.

आमच्या वसतिगृहाच्या गेल्या मेळाव्याला, नाव कशाला सांगू, मी मंडळाच्या एका पदाधिकाऱ्यांना विचारलं, की माजी विद्यार्थिनींना संस्थेचं सभासद होता येतं का, आणि घटनेची प्रत कुठे पाहायला मिळेल? ते फार सज्जन गृहस्थ, वयाने मोठे, मला नावाने ओळखणारे. म्हणाले, ‘‘ताई, तुम्ही घरच्याच. तुम्हाला कसलं सभासदत्व? आधी पानावर बसा, बासुंदी संपत आलीय.’’ बासुंदी खरोखरच उत्तम होती. अर्जाचा नमुना मात्र अजून आलेला नाही; मी दुसरं पत्र पाठवलंय, या वेळी रजिस्टर्ड एडीने.